उपाशीपोटी

थंडीत, सकाळी पावणेसहाला,
माझी झेन आधी खोकते,
मग तीन पायांवर उभी राहते.
चौथा उचलून धरलेला, काटा रुतल्यासारखा.
वासननगरातून फाट्यापर्यंत लंगडते,
सिग्नलच्या पुढे कधीतरी तो पाय टेकते
आणि द्वारकेला पोचेस्तोवर अशी पळते
की सगळा कांगावा माझाच होता.

वडाळा नाक्याला, शरफुद्दीन मिस्त्रीकडे
चार वेळा नेली.
चारही वेळा त्याच्यासमोर ती
पाहुण्यांपुढच्या पोरासारखी शहाणी.
त्याने प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुतला,
चोकची तार ओढून पाहिली.
चौथ्यांदा पैसे घेतले नाहीत.
"गरम गाडी खोटं बोलते, ताई.
उपाशीपोटी दाखवा."

मला हसू आलं.
सव्वीस वर्षं, मुंबई नाक्याच्या लॅबमध्ये,
मी हेच वाक्य बोलते आहे.
रात्री नऊनंतर काही नाही. पाणी चालेल.
बिस्कीट म्हणजेही खाणंच, काका.
आणि तरी सकाळच्या रांगेत
कुणाच्या तरी मिशीला साय चिकटलेली असते.
"दोनच घोट, मॅडम."
चार वेळा मी माझी गाडी
चहा पाजून नेली होती.

मग तोच आला. जानेवारी,
निफाडला पारा पाचाच्या खाली,
गेटपाशी वॉचमन पुठ्ठे जाळत बसलेला.
मफलर कानांवरून, जुनी एम-एटी,
पिशवीत इस्त्रीवाल्याची पाणी फवारायची बाटली.
"आधी दिवा घालवा."

मी पार्किंगची ट्यूब बंद केली,
किल्ली फिरवली. खोकला. तीन पाय.
मी उतरून बॉनेटपाशी गेले.
अंधारात फुस्स, फुस्स,
आणि तिसऱ्या वायरीवर,
ती कोपरासारखी वाकते तिथे,
एक निळी मुंगी चालू लागली.

ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नव्हती.
वाटेतच, भेगेतून,
लोखंडाला जाऊन मिळत होती.
"रात्रीचं दव बसतं हिच्यात," तो म्हणाला.
"इंजिन तापलं की सुकतं.
मग भेग असून नसल्यासारखी."

गाडी बंद करून वायर उपटताना
त्याने मोबाइलचा उजेड माझ्या हाती दिला.
उजेडात त्याचा अंगठा आला.
मुळाशी जखम.
पहिल्या खेपेला पाहिली होती मी, दिवाळीआधी.
तेव्हाही एवढीच ओली.

"दाखवली कुणाला?"
"पान्याने लागलं, त्यात काय."
मग वायरीकडे बघतच,
"रात्री पायाला मुंग्या येतात, तेवढंच."
"आज काय खाल्लंत?"
"साडेपाचला बोलावलंत. काय खाणार?
चहासुद्धा नाही."

थर्मासचं झाकण मी अर्धं उघडलं होतं.
फिरवून पुन्हा घट्ट केलं.

बॅग मागच्या सीटवर असतेच.
"अहो ताई, गाडीचं राहिलंय..."
"मूठ आवळा."
चालू इंजिनात हात घालणारा माणूस,
सुई दिसताच त्याने तोंड
एम-एटीकडे फिरवलं.
शीर चटकन सापडली.
करड्या झाकणाची नळी मी आठदा उलटीसुलटी केली,
सावकाश, शिकवली होती तशी.

नवी वायर बसली. किल्ली.
चारही पाय जमिनीवर.
कापूस दाबून तो उभा, मान तिरकी,
अजून काही ऐकू येतंय का म्हणून.
मी नळीवर नाव लिहिलं, वय विचारलं.
"त्रेपन्न," तो म्हणाला. "लिहा पन्नास."

मग थर्मास उघडला.
वाफेत दोघांचे चष्मे धुरकटले.
चहा गोड होता, माझ्या सवयीचा.
त्याने पहिला घोट घेतला, डोळे मिटून.
मी काही बोलले नाही.
रिपोर्ट यायला अजून दुपार होती.